झाड म्हातारं नाही, फळं जास्त आहेत

"झाडाचं वय झालं हो, आता फळ एवढंच येणार." इंग्लंडमधल्या मराठी घरांत ऑगस्टच्या सुमाराला हा निकाल हमखास ऐकू येतो. १९३०च्या दशकातलं घर विकत घेतलेलं असतं, मागच्या बागेत कुणीतरी कधीकाळी लावलेलं सफरचंदाचं झाड आयतं मिळालेलं असतं. एप्रिलअखेर ते असं फुलतं की त्याचे फोटो नाशिकपासून न्यू जर्सीपर्यंत फिरतात. आणि सप्टेंबरात हाती येतात ती लिंबापेक्षा जरा मोठी अशी शेकडो फळं, निम्मी हिरवट, काही किडकी. झाडाला म्हातारपण चिकटवलं की आपली जबाबदारी संपते, म्हणून हे निदान लोकप्रिय असावं. ते खरं मात्र नाही.

नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावी १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीनं सफरचंदाची बी लावली. आज इंग्लंडभर जी ब्रॅम्लीची झाडं दिसतात, त्या सगळ्यांचं मूळ त्या एका झाडात आहे. (पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाकडे गेलं आणि फळाला नाव त्याचं मिळालं, बी लावणारीचं नाही. असो.) १९०० साली वादळात हे झाड आडवं झालं. तेव्हा ते नव्वदी ओलांडलेलं होतं. पडल्या जागेवरून ते पुन्हा फुटलं आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं फळत राहिलं. ब्रॅम्ली हे काही चिमुकलं फळ नव्हे. शिजवायच्या सफरचंदांत ते दांडगं म्हणूनच ओळखलं जातं. तेव्हा साठी-सत्तरीतलं झाड केवळ वयामुळे लहान फळं देतं, हे म्हणणं निदान साउथवेलच्या रहिवाशांना पटवता येणार नाही. खोड पोखरलेलं असेल, फांद्या शेंड्याकडून वाळत असतील, नवी फूट येतच नसेल, तर गोष्ट वेगळी. पण पानं गर्द हिरवी, दरवर्षी हातभर नवी फूट आणि तरी फळ बारीक, अशा झाडाला म्हातारं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

त्याचं दुखणं साधं आहे. एकेका फुलगुच्छात पाच-सहा फुलं येतात आणि मोठ्या झाडावर असे गुच्छ हजारोंनी असतात. भरभरून फुललेल्या झाडावर शंभरातल्या पाच ते दहा फुलांनी फळ धरलं तरी पुरेसं पीक येतं. हवा चांगली पडली, मधमाश्या फिरल्या, तर त्याच्या कितीतरी पट फळं धरतात. एक फळ नीट भरायला साधारण ३० ते ४० पानांची कमाई लागते. पानं तेवढीच आणि खाणारी तोंडं चौपट, मग प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार?

आणि हे वाटप लवकर होतं, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. फूल उमलतं तेव्हा भावी फळात सुमारे २० लाख पेशी असतात. पिकलेल्या फळात त्या चार कोटींच्या आसपास जातात. ही भर बहुतांशी फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या चार-पाच आठवड्यांत पडते. पुढचे तीन-चार महिने त्याच पेशी फुगतात, नव्या फारशा होत नाहीत. म्हणजे मेमध्ये आणि जूनच्या सुरुवातीला ज्या फळाची उपासमार झाली, त्याला ऑगस्टात बादल्यांनी पाणी पाजलं तरी ते मागची तूट भरून काढू शकत नाही. आपण मात्र झाडाकडे पाहतो ते ऑगस्टात.

म्हणून उपाय एकच: कोवळी फळं हातानं काढून टाकायची. थोडीथोडकी नव्हे, चांगल्या फळधारणेच्या वर्षी निम्म्याहून जास्त. हे सुचवलं की विरोध सुरू होतो, आणि त्यातला सगळ्यात ठाम आवाज असतो निसर्गाची बाजू घेणाऱ्यांचा. त्यांचं म्हणणं असं की झाड जूनमध्ये नको असलेली फळं स्वतःच टाकतं. त्याला कळतं, तुम्ही मध्ये पडू नका.

झाडाला कळतं, हे मान्य. पण काय कळतं? सफरचंदाच्या गाभ्यात पाच कप्पे, प्रत्येकात सहसा दोन बिया, म्हणजे भरलं तर दहा. झाडाची सगळी धडपड त्या बियांसाठी चाललेली असते. गर हा बिया दूरवर नेणाऱ्या प्राण्यांना द्यायचा मोबदला, आणि कोणतंही झाड गरजेपेक्षा जास्त मोबदला देत नाही. जूनच्या फळगळीत ते मुख्यतः कमी बियांची, मागे पडलेली फळं टाकतं. उरलेल्या प्रत्येक फळात बिया भरल्या की त्याचं काम फत्ते. फळ पाच सेंटिमीटरचं राहिलं काय नि सातचं झालं काय, त्याला फरक पडत नाही. फरक आपल्याला पडतो, कारण आपण बिया थुंकून टाकतो आणि गर खातो. झाडाचा हिशेब चोख आहे, फक्त तो आपल्या सोयीचा नाही.

शिवाय या झाडाच्या बाबतीत निसर्गाची साक्ष काढणं जरा गमतीचंच. सफरचंदाचे रानटी पूर्वज कझाकस्तानातल्या तिएनशान पर्वताच्या उतारांवर वाढतात. तुमच्या बागेतला कॉक्स असो की ब्रॅम्ली, तो कलम आहे. मुळं एका जातीची, माथा दुसऱ्या जातीचा, आणि मूळकांड बहुधा केंटमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रात निवडलेलं. माणसानं निवडलेलं, माणसानं जोडलेलं, माणसानं लॉनच्या मधोमध उभं केलेलं झाड. इतका हस्तक्षेप चालतो आणि जूनमध्ये अंगठ्यानं चार फळं खुडली की तो निसर्गाविरुद्ध अपराध होतो!

दुसरा विरोध तर्काचा नाही, मनाचा आहे. भारतातून सासू-सासरे किंवा आई-वडील आलेले असतात आणि त्यांच्यासमोर तुम्ही कोवळी फळं तोडून बादलीत टाकता. "अगं, जीव आहे त्यात," असं कुणीतरी म्हणतंच. या हात आखडण्याबद्दल मला आदर आहे. ज्यांनी टंचाई पाहिली त्यांना धरलेलं फळ तोडवत नाही. पण नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागेत हेच काम दरसाल रोजंदारीनं चालतं. आधी घडांची विरळणी, मग हातात बारीक कात्री घेऊन बायका एकेका घडातले मणी कमी करतात. तासगावच्या बागायतदाराला त्याबद्दल कुणी पापी म्हणत नाही. उलट ज्यानं विरळणी केली नाही त्याच्या मालाकडे व्यापारी ढुंकून बघत नाही. डाळिंबातही तेच. सफरचंद परदेशातलं म्हणून त्याला वेगळा न्याय लावायचं कारण नाही.

इथे एक गमतीची माहिती सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे फळगळ थांबवायला बागायतदार ज्या एनएएची फवारणी करतात, तेच संजीवक सफरचंदावर फुलोऱ्यानंतर लवकर फवारलं तर फळं पाडतं, आणि काढणीच्या तोंडावर फवारलं तर धरून ठेवतं. जगभरातले व्यापारी सफरचंद उत्पादक त्याचा पहिला उपयोग करतात, म्हणजे फळं पाडण्यासाठी पदरचे पैसे मोजतात. घरच्या बागेत औषधाच्या वाटेला जायची गरज नाही. पण ज्यांचं पोट या झाडांवर चालतं ते फळं कमी करण्यावर खर्च करतात, हे फळ तोडायला कचरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. जपानमधल्या आओमोरी भागात तर हे काम आजही शिडीवर चढून हातानं होतं. तीन-चार गुच्छांमागे एकच फळ ठेवतात. जगातल्या सगळ्यात वजनदार सफरचंदाची नोंद त्याच भागातल्या हिरोसाकी शहरातली आहे: २००५ साली, १ किलो ८४९ ग्रॅम. असलं सफरचंद तुम्हाला नको असेल, मलाही नको. मुद्दा पद्धतीचा आहे.

आता ज्यांना विरळणी मान्य आहे त्यांच्याशीही माझा एक वाद आहे, आणि तो वेळेचा. इंग्लंडमधली बागकामाची पुस्तकं बहुधा सांगतात की जूनची फळगळ उरकू द्या, मग जूनअखेर किंवा जुलैत विरळणी करा. यामागचं कारण चुकीचं नाही. तुम्ही आधी तोडली आणि मग झाडानंही टाकली, तर फांदी रिकामी व्हायची भीती असते. पण पेशींचं वेळापत्रक वर सांगितलंच आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात फुललेल्या झाडाचं पेशीविभाजन जूनच्या मध्यापर्यंत जवळपास संपतं. जुलैत विरळणी केली तर फांद्या मोडायच्या वाचतात, रंग बरा येतो, कीड कमी लागते, पण आकाराची गाडी बरीचशी चुकलेली असते. म्हणून मी दोन फेऱ्यांच्या पक्षात आहे. मेअखेरीला, फळ करवंदापेक्षा थोडं मोठं झालं की पहिली फेरी: प्रत्येक गुच्छात दोनच ठेवायची, वेडीवाकडी आणि भोकं पडलेली आधी काढायची. फळगळ संपली की दुसरी फेरी: गुच्छात एक, आणि खायच्या जातीत दोन फळांमध्ये १० ते १५ सेंटिमीटर, ब्रॅम्लीसारख्या मोठ्या जातीत १५ ते २३ सेंटिमीटर अंतर. पहिल्या फेरीत दोन ठेवलेली असल्यामुळे झाडानं एक टाकलं तरी तुमचं नुकसान नाही.

गुच्छातलं कोणतं ठेवायचं, यावर तर दोन देशांचं एकमत नाही. मधलं फूल सगळ्यांत आधी उमलतं, त्याचा देठ आखूड आणि जाड असतो, त्याला दोन-चार दिवसांची आघाडी मिळते. अमेरिका आणि जपानमध्ये हे मधलं फळ राजासारखं जपतात. इंग्लिश बागकामाच्या सल्ल्यात ते आधी काढायला सांगतात, कारण काही जातींत ते बेढब निघतं. माझं मत विचाराल तर नियम बाजूला ठेवा आणि फळ हातात धरून बघा. मधलं सरळ, गोल असेल तर तेच ठेवा. देठाशी फुगीर किंवा एका अंगानं चेपलेलं असेल तर काढा. एका अंगानं चेपलेलं फळ बहुधा त्या बाजूच्या कप्प्यांत बी न धरलेलं असतं, आणि ते पुढेही सुधारत नाही.

"पण एकूण वजन तर तेवढंच ना? मग शंभर मोठी काय आणि तीनशे लहान काय?" हा आक्षेप मला सगळ्यांत विचार करण्यासारखा वाटतो, कारण त्यात गणित आहे. तर गणितच करू. फळाचा व्यास ५ सेंटिमीटरवरून ७ झाला की त्याचं आकारमान सुमारे पावणेतीन पट होतं. म्हणजे एक मोठं फळ जवळपास तीन लहानांची भरपाई करतं. पूर्ण भरपाई दरवेळी होते असा दावा मी करणार नाही; कडक विरळणी केली तर एकूण वजन थोडं घटतंच. पण लहान फळात साल आणि गाभ्याचा हिस्सा मोठा, गराचा कमी. तीन बारकी सफरचंदं सोलून, गाभे काढून मुरंबा करायला बसा, म्हणजे वजनाचा युक्तिवाद किती टिकतो ते स्वयंपाकघरात कळेल.

आणि या हिशेबात पुढचं वर्ष धरलेलंच नसतं. सफरचंदाचे पुढच्या वसंतातले फुलकळे या वर्षीच्या उन्हाळ्यात, म्हणजे फळं झाडावर असतानाच ठरतात. वाढत्या बियांमधून जिबरेलिन हे संजीवक बाहेर पडतं आणि शेजारच्या कळ्यांना फूल होऊ देत नाही. चॅन आणि केन या संशोधकांनी १९६७ साली बिनबियांची फळं देणाऱ्या स्पेन्सर सीडलेस या जातीवर हे दाखवून दिलं: फळात बिया धरू दिल्या तेव्हा पुढची फुलं घटली, बिनबियांच्या फळांनी तसा अडथळा केला नाही. म्हणजे या वर्षी सहाशे फळं, पुढच्या वर्षी शुकशुकाट, त्याच्या पुढे पुन्हा सहाशे बारकी. ब्रॅम्ली, ब्लेनहाइम ऑरेंज आणि विशेषतः लॅक्स्टन्स सुपर्ब या जाती याच खोडीसाठी ओळखल्या जातात. कोकणातल्या लोकांना वर्षाआड फळण्याचं दुःख सांगायला नको. हापूसची सगळी कारणं हीच आहेत असं नव्हे, पण तिथे कल्टार घालतात ते जिबरेलिनला आवर घालण्यासाठीच. सफरचंदात तेच काम बिया वेळेवर कमी करून, फुकटात होतं. मात्र वेळेवर. ऑगस्टात तोडलेल्या फळानं आपला निरोप कळ्यांना केव्हाच पोचवलेला असतो.

आता खतवाल्यांकडे वळू. यांची संख्या मोठी, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी एके काळी शेती होती आणि पीक कमी आलं की खत, हे समीकरण रक्तात आहे. म्हणून ग्रोमोरची थैली येते, ७-७-७ चं मिश्रण, आणि झाडाभोवती मुठीमुठीनं पडते. मुरलेल्या, जोमदार झाडाला नत्र वाढवून दिलं तर ते त्याचा पाला करतं. लांब, मऊ फुटवे येतात, मावा त्यांच्यावर तुटून पडतो, आतल्या फळांवर सावली पडते. वर कॅल्शियमची पंचाईत होते. कॅल्शियम पाण्याबरोबर वाहतं आणि पाणी पानांकडे जास्त ओढलं जातं. पालेदार झाडात फळाच्या वाट्याला ते कमी येतं. मग सालीखाली तपकिरी, कडवट ठिपके पडतात. कॉक्स आणि ब्रॅम्ली दोघंही याला बळी पडणारे. नवी फूट वीतभरसुद्धा येत नसेल तर खताचा विचार जरूर करा. एरवी झाडाभोवतीचं मीटरभर गवत काढा, तिथे पालापाचोळ्याचं किंवा कुजक्या खताचं आच्छादन घाला आणि जुलै-ऑगस्ट कोरडे गेले तर आठवड्यातून एकदा मनापासून पाणी द्या. पेशी फुगण्याच्या दिवसांत पाण्याचा उपयोग खरोखर होतो, पण मोजक्या फळांच्या झाडावरच.

छाटणीबद्दल थोडक्यात. हिवाळ्यात करवत घेऊन अर्धं झाड उतरवलं तर वसंतात ते पाणसोट फेकून उत्तर देतं. दोन वर्षं फळ कमी आणि काठ्यांचं जंगल जास्त. एका हिवाळ्यात पाचव्या हिश्श्याहून जास्त काढू नये. जुन्या झाडात खरी गर्दी असते ती आखूड, सुरकुतलेल्या फळधारी काड्यांच्या झुपक्यांत. एका झुपक्यात दहा-बारा फुगीर कळे दिसले तर निम्मे हिवाळ्यातच कापा, विशेषतः फांदीच्या खालच्या बाजूचे, जिथे ऊन पोचत नाही. हीसुद्धा विरळणीच, फक्त सहा महिने आधी केलेली. पाणसोट उन्हाळ्यात काढा. आणि द्राक्षात करतात तशी साल गोल कापण्याची कल्पना कुणी सुचवली तर हात जोडा. तिथे तो नेहमीचा प्रकार आहे, इथे जुन्या खोडाला जखम करून रोगाला वाट कशाला द्यायची?

एका बाबतीत मात्र विरोधकांचं म्हणणं मला मान्य आहे: मोठं म्हणजेच चांगलं नव्हे. वाशीच्या बाजारात सफरचंदाची पेटी आकारावर भाव घेते आणि तो डोळा घेऊन आपण घरच्या बागेत शिरतो. हीथ्रोजवळच्या कोलनब्रुकमध्ये १८२०-३०च्या सुमारास जन्मलेला कॉक्स मुळातच मध्यम चणीचा आहे. त्याला रॉयल डिलिशसएवढं करायच्या नादात झाडावर चारच फळं ठेवली तर ती फुगतील, पण भुसभुशीत होतील, ठिपकेही जास्त पडतील आणि हिवाळ्यात टिकणार नाहीत. जातीचा जो अंगभूत आकार आहे तिथवर फळाला पोचू देणं, एवढीच माझी मागणी आहे. आज जुन्या बागांतली बहुतेक फळं त्या आकाराच्या पुष्कळ अलीकडे थांबतात, आणि ती वयानं किंवा भुकेनं नव्हे, गर्दीनं थांबतात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, झाडावर ठेवा. पुढच्या मेअखेरीला सारख्याच जाडीच्या, सारखंच ऊन मिळणाऱ्या दोन फांद्या निवडा. एकीवर वर सांगितल्याप्रमाणे दोन फेऱ्यांत विरळणी करा, दुसरीला बोटही लावू नका. खत-पाणी दोघींना सारखं. काढणीच्या वेळी प्रत्येक फांदीवरची दहा फळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, आणि त्याच्या पुढच्या वसंतात कोणत्या फांदीला फुलं आली तेही बघा. त्यानंतरही झाड म्हातारं झालंय असं वाटत असेल, तर खुशाल भांडायला या.